सातबाऱ्यावरचे नाव, हजेरीपटावरचे नाव

कामावर नव्याने घेतलेला माणूस सांगतो तोच आहे काय, आणि ते काम करण्याचा त्याला अधिकार आहे काय, या दोन प्रश्नांची उत्तरे कोणी, कोणत्या कागदावरून आणि कोणाच्या शब्दावर द्यायची, हे प्रत्येक समाजाने आपल्या इतिहासाच्या ओघात ठरवलेले आहे. अमेरिकेत ६ नोव्हेंबर १९८६ रोजी अमलात आलेल्या स्थलांतरविषयक कायद्याने ही जबाबदारी सरळ मालकावर टाकली. न्यू जर्सीतील एडिसनमध्ये नोकरीला लागलेला मराठी अभियंता असो की तिथेच जन्मलेला अमेरिकी नागरिक, कामाला सुरुवात झाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांच्या आत त्याची कागदपत्रे मालकाला तपासावी लागतात आणि 'आय-नाइन' नावाच्या नमुन्यावर तशी सही करावी लागते. भारतात असा सरसकट नमुना नाही. राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने नागरिकाला देशभर कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य दिले, आणि सोळाव्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत जन्मस्थान किंवा निवास यांवरून भेदभाव करण्यास मनाई करून निवासाची अट घालण्याचा अधिकार फक्त संसदेकडे ठेवला. त्यामुळे 'तुला इथे काम करण्याची परवानगी आहे का' हा प्रश्न भारतीय मालकाने सहसा उघडपणे विचारला नाही. तो निरनिराळ्या काळांत निरनिराळ्या वेषांत विचारला गेला.

रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात, गाढी नदीच्या परिसरात वसलेल्या करंजाडे गावाभोवती या प्रश्नाने जे रूप घेतले, ते महाराष्ट्रातही वेगळे म्हणावे लागेल. येथे गेली पन्नास वर्षे कामाच्या हक्काचा पुरावा म्हणून जो कागद पुढे केला जातो, तो शिक्षणाचा नाही, नागरिकत्वाचा नाही आणि अनुभवाचाही नाही. तो गेलेल्या जमिनीचा आहे. भाताचे खाचर सरकारने कोणाकडून घेतले, त्या वेळी सातबाऱ्यावर कोणाचे नाव होते आणि आज उमेदवारी करणारा मुलगा त्या नावाचा वारस आहे काय, या तीन गोष्टींवर येथील अनेक नोकऱ्यांची दारे उघडली किंवा बंद राहिली. हे कसे घडले, हे समजण्यासाठी आधी मुंबईकडे पाहावे लागते, कारण कामगाराची ओळख कागदावर आणण्याची रीत या परिसरात मुंबईहूनच आली.

मुंबईच्या कापड गिरण्यांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नव्या माणसाची ओळख पटवण्याचे काम जॉबर करत असे. जॉबर म्हणजे खात्यातील मुकादम. तो माणसे भरती करी, त्यांना कामावर लावी, रजा देई आणि काढूनही टाकी. रत्नागिरीहून किंवा साताऱ्याहून आलेल्या माणसाकडे दाखवण्यासारखा कोणताही कागद नसे, आणि गिरणीच्या साहेबालाही तो नको असे, कारण 'हा आपल्या गावचा, घरचा चांगला' एवढे जॉबरने म्हटले की पडताळणी पुरी झाली. या शब्दाची किंमत मात्र कामगाराला मोजावी लागे; जॉबरला दस्तुरी, म्हणजे नोकरी लावून दिल्याबद्दलची लाच, देण्याची प्रथा सर्वश्रुत होती. १९२९ मध्ये नेमलेल्या आणि १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या शाही कामगार आयोगाने, जो अध्यक्षाच्या नावावरून व्हिटली आयोग म्हणून ओळखला जातो, जॉबरच्या या अधिकारावर कठोर टीका केली आणि भरतीचे काम स्वतंत्र अधिकाऱ्याकडे सोपवण्याची शिफारस केली. आयोगाचे म्हणणे वाजवी होते, पण एक गोष्ट त्याने कमी लेखली. जॉबरचा शब्द महाग असला, तरी निरक्षर माणसाला तो कळत असे; पुढे आलेल्या कागदाबद्दल तेवढे म्हणता येत नाही.

१९३५ मध्ये मुंबईच्या गिरणी मालक संघाने बदली नियंत्रण पद्धत सुरू केली. बदली म्हणजे कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवशी त्याच्या जागी लागणारा माणूस. या पद्धतीत महिन्याच्या पहिल्या तारखेला निवडक लोकांना बदली कार्ड दिले जाई, त्यांनी रोज सकाळी गिरणीच्या दारावर हजर राहायचे आणि रिकाम्या जागा त्यांच्यामधूनच भरायच्या, असा नियम होता. कार्ड नसलेल्याला काम नाही. 'तू कोण' आणि 'तुला काम करता येईल का' हे दोन्ही प्रश्न एकाच कार्डात मिटवण्याचा मुंबईतील हा पहिला मोठा प्रयत्न म्हणता येईल. गोदीत हीच कल्पना कायद्याने आली. १९४८ च्या गोदी कामगार अधिनियमाखाली मुंबईसाठी १९५१ मध्ये योजना लागू झाली. गोदी कामगार मंडळाकडे नोंदलेल्या कामगाराला ओळखपत्र आणि हजेरीपत्र मिळू लागले, आणि नोंदणी नसलेल्या माणसाला जहाजावरचा माल उतरवण्याचे काम सामान्यतः देता येईनासे झाले. १९६९ चा माथाडी अधिनियम याच वाटेवरचा पुढचा टप्पा होता. डोक्यावर आणि पाठीवर ओझे वाहणाऱ्या माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून आलेल्या या कायद्याने टोळीला, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या हमालांच्या गटाला, मंडळाकडे नोंदवले, मजुरीचा भरणा मंडळामार्फत होऊ लागला आणि कामगार कोण हे ठरवण्याचा अधिकार व्यापाऱ्याच्या दिवाणजीकडून मंडळाच्या नोंदवहीकडे गेला. पनवेलजवळ कळंबोलीला लोखंड-पोलादाचा बाजार उभा राहिला, तेव्हा ही पद्धत करंजाड्याच्या उंबरठ्याशी आली.

करंजाड्यात मात्र तोवर दुसरीच घडामोड सुरू झालेली होती. १७ मार्च १९७० रोजी शहर व औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे सिडको, स्थापन झाले. मुंबईच्या पूर्वेला खाडीपलीकडे नवे शहर वसवण्यासाठी ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन घेण्याचे ठरले, आणि १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली जाहीरनामे निघू लागले. संपादनाचे काम पाहणाऱ्या कार्यालयांना मेट्रो सेंटर असे नाव होते. पनवेलच्या मेट्रो सेंटरमध्ये तयार झालेले निवाडे हे या भागाच्या अलीकडच्या इतिहासाचे मूळ दस्तऐवज होत. निवाडा म्हणजे कोणत्या सर्व्हे नंबरमधील किती जमीन घेतली, तिच्यात कोणाचा काय हिस्सा होता आणि मोबदला किती ठरला, याचा भूसंपादन अधिकाऱ्याने दिलेला लेखी निर्णय. तो देताना पैसे कोणाला द्यायचे एवढेच अधिकाऱ्याच्या डोळ्यांपुढे होते. त्याच कागदाच्या आधारे पुढे नातवंडे नोकरी मागतील, अशी कल्पना कोणाच्या मनात असण्याचे कारण नव्हते.

आणि निवाड्यात नाव यायचे तर ते सातबाऱ्यावर असावे लागे. गाव नमुना सात हा जमिनीच्या हक्काचा आणि गाव नमुना बारा हा पिकाचा. दोन्ही एकत्र छापले जातात म्हणून सातबारा. १९७० मध्ये या कागदावर जी नावे होती, ती काही अनादि काळापासून तिथे नव्हती. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्याच्या मोठ्या भागात खोत आणि सावकार जमिनीचे धनी होते, आणि कसणारा आगरी कुटुंबातील माणूस कूळ होता. अलिबाग तालुक्यातील चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप सहा वर्षे चालला, तो याच प्रश्नावर. पुढे १९४८ चा कूळ कायदा आला आणि त्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. ज्याच्या आजोबांचे नाव कूळ म्हणून पीकपाहणीत लागलेले होते, त्यांना मालकी मिळाली. ज्यांना जमीनमालकाने वेळीच हुसकावले होते किंवा ज्यांचे नाव तलाठ्याच्या दप्तरात चढलेच नव्हते, ते कोरडे राहिले. करंजाडे परिसरात आज प्रकल्पग्रस्त म्हणून दाखला मागणाऱ्या तरुणाची ओळख अशी तेरा वर्षांच्या अंतराने घडलेल्या दोन सरकारी कृतींवर उभी आहे: १९५७ मध्ये नाव चढले आणि १९७० नंतर जमीन गेली. यांपैकी पहिली कृती घडलीच नसेल, तर दुसरीचा उपयोग नाही.

मोबदल्यावरून असंतोष वाढत गेला आणि दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. या लढ्याचे फलित म्हणून जी साडेबारा टक्के योजना आली, म्हणजे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ जमीनधारकाला परत देण्याची योजना, तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. करंजाड्यातील अनेक इमारती अशाच भूखंडांवर उभ्या आहेत. नोकरीची मागणी तुलनेने मागे पडली. वास्तविक जमीन जाताना गावोगावच्या बैठकांत पहिली मागणी 'घरटी एक नोकरी' हीच असे, कारण भातशेती, मिठागर आणि खाडीतील मासेमारी या तिन्हींवर एकाच वेळी घाला आलेला होता. भूखंड विकता येतो आणि नोकरी विकता येत नाही, या साध्या कारणामुळे पुढे भूखंडाची चर्चा वरचढ ठरली असावी.

नोकरीच्या बाबतीत सरकारने जे दिले, ते आश्वासन नव्हते, प्राधान्य होते. राज्यात १९७६ मध्ये प्रकल्पांमुळे विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला, पुढे १९८६ आणि १९९९ च्या अधिनियमांनी त्याची जागा घेतली, आणि १९८० च्या शासन निर्णयाने सरकारी व निमसरकारी सेवेतील वर्ग तीन व वर्ग चारच्या पदांत प्रकल्पग्रस्तांसाठी पाच टक्के जागा ठेवल्या. हे समांतर आरक्षण होय. म्हणजे जातीनिहाय प्रवर्गांना छेद देऊन प्रत्येक प्रवर्गाच्या आत मोजले जाणारे आरक्षण. त्यासाठी लागणारा कागद म्हणजे प्रकल्पग्रस्त दाखला. कुटुंबातील एकाच व्यक्तीच्या नावे तो द्यायचा, आणि एका दाखल्यावर एकानेच नोकरी मिळवायची, असा त्याचा मूळ हिशेब आहे.

हा दाखला मिळवण्याची प्रक्रिया जवळून पाहिली की ओळख पटवणे या क्रियेचा सगळा गुंता ध्यानात येतो. अर्जदाराला निवाड्याची प्रत, संपादनापूर्वीचा आणि संपादनानंतरचा सातबारा, त्यांना जोडणारे फेरफार, म्हणजे हक्कातील प्रत्येक बदलाची तलाठ्याने घेतलेली नोंद, वारस नोंदीचा उतारा, प्रतिज्ञापत्रावर लिहिलेली वंशावळ, शिधापत्रिका आणि घरातील इतर हिस्सेदारांची ना-हरकत, असा गठ्ठा जमवावा लागतो. जुना निवाडा ज्या जिल्ह्याच्या नावाने आहे, तो जिल्हाच कागदोपत्री उरलेला नाही, कारण कुलाब्याचे १ जानेवारी १९८१ पासून रायगड झाले. जुन्या सातबाऱ्यांवर अनेकदा आडनाव नसते. माणूस, त्याचा बाप आणि कधी 'वगैरे' एवढीच नोंद असते. शाळेत घातलेल्या मुलाच्या दाखल्यावर मात्र आडनाव आले, आणि पाटील, म्हात्रे, घरत, ठाकूर, भोईर या मोजक्या आडनावांनी अख्खी गावे भरलेली असल्याने एकाच गावात एकाच नावाची तीन माणसे आढळणे नवलाचे नाही. आजोबा कागदावर 'राघो' असतात, मतदार यादीत 'राघव' होतात आणि मृत्यूच्या दाखल्यावर तिसरेच काही. तिन्ही एकच व्यक्ती होत, असे सिद्ध करण्यासाठी पुन्हा प्रतिज्ञापत्र, पुन्हा पंच, पुन्हा पोलीस पाटलाची किंवा सरपंचाची सही. साहेबापुढे जॉबरने जे काम एका वाक्यात केले असते, तेच काम आता तलाठी, मंडळ अधिकारी आणि तहसील कार्यालय यांच्या पायऱ्या चढून होते, आणि शेवटी तेही कुणीतरी शब्द टाकण्यावरच येऊन थांबते.

या गठ्ठ्यात कोण बसत नाही, हेही पाहिले पाहिजे. कोळ्यांची उपजीविका खाडीवर होती, आणि खाडीचा सातबारा नसतो. कातकरी आणि ठाकूर या आदिवासी जमातींतील कुटुंबांनी दुसऱ्याच्या शेतात व मिठागरावर राबून दिवस काढले. जमीन गेली तेव्हा त्यांचे काम गेले, पण कागदावर त्यांचे काहीच गेलेले नव्हते. मुलींची गोष्ट आणखी वेगळी. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा वाटा दिला, पण भूखंड किंवा दाखला यांचा प्रश्न आला की बहिणीकडून हक्कसोडपत्र घेण्याची रीत गावोगाव रुळलेली राहिली. घरातील एकालाच मिळणारा दाखला कोणाच्या नावे काढायचा, याचा निवाडा घराच्या ओटीवर होई, आणि तो बहुधा थोरल्या मुलाच्या बाजूने लागे. सरकारी पडताळणीने ही निवड कधी तपासली नाही. ना-हरकत जोडलेली आहे, एवढे पाहून ती पुढे गेली.

दाखला असला की नोकरी मिळते, हा समज बराच काळ टिकला आणि काही कार्यालयांत तशा थेट नेमणुकाही झाल्या. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने या समजाला छेद दिला. पद जाहिरातीने भरले पाहिजे, प्रकल्पग्रस्तानेही इतरांबरोबर स्पर्धेत उतरले पाहिजे, राखीव जागेचा लाभ त्याला निवडीच्या वेळी मिळेल, पण केवळ दाखल्याच्या जोरावर त्याला परस्पर नेमता येणार नाही, असे त्या निर्णयाचे सार होते. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय बिनचूक आहे. समान संधीच्या तत्त्वाला फाटा देऊन वारसाहक्काने सरकारी नोकरी देणे कोणत्याही न्यायालयाला मान्य झाले नसते. पण ज्या पिढीने शेत देताना शाळेची फारशी पायरी चढलेली नव्हती, तिच्या मुलांना स्पर्धा परीक्षेच्या रांगेत उभे करणे म्हणजे दिलेली सवलत अर्धी काढून घेणे होते, हेही नाकारता येत नाही. दाखला एकेकाळी परवान्यासारखा वाटत होता, तो आता अर्जातील एक रकाना झाला.

खासगी कारखान्यांसाठी वेगळी व्यवस्था होती. राज्याच्या उद्योग विभागाने स्थानिकांना प्राधान्य देण्याचे धोरण अनेकदा जाहीर केले. २००८ च्या शासन निर्णयाने पर्यवेक्षकीय पदांत किमान ५० टक्के आणि इतर पदांत किमान ८० टक्के स्थानिक असावेत असे म्हटले आणि राज्यात १५ वर्षे वास्तव्य असणारा तो स्थानिक, अशी व्याख्या ठेवली. तळोज्याची औद्योगिक वसाहत किंवा रसायनीचा पट्टा यांच्याकडे पाहणाऱ्या पनवेलकराच्या मनातला 'स्थानिक' आणि शासन निर्णयातला 'स्थानिक' यांत मोठे अंतर होते, कारण अधिवासाच्या दाखल्यावर नांदेडचा माणूसही करंजाड्याच्या माणसाइतकाच स्थानिक ठरतो. गावातील संघटना म्हणून 'भूमिपुत्र' हा शब्द वापरतात; त्याची व्याख्या मात्र कोणत्याही नमुन्यात छापलेली नाही. हरयाणाने हाच प्रश्न शासन निर्णयावर न सोडता कायदा करून ७५ टक्के जागा राखल्या, तेव्हा पंजाब व हरयाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तो कायदा घटनाबाह्य ठरवला.

दरम्यान करंजाडे स्वतःच बदलत होते. भूखंडांवर इमारती चढू लागल्या आणि त्या बांधण्यासाठी मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड आणि बंगालमधून माणसे आली. त्यांच्यासाठी कायद्याने पूर्वीच एक कागद ठरवलेला होता. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियमाने कंत्राटदारावर अशी सक्ती केली की त्याने प्रत्येक स्थलांतरित कामगाराला छायाचित्र लावलेले पासबुक द्यावे, त्यात कामाचे ठिकाण, मुदत आणि मजुरी हिंदी व इंग्रजीत आणि कामगाराची भाषा वेगळी असल्यास त्या भाषेतही लिहावी. कंत्राटी कामगारांविषयीच्या केंद्रीय नियमांत तर कामावर घेतल्यापासून तीन दिवसांत रोजगारपत्र देण्याची तरतूद होती. अमेरिकेच्या नमुन्यातील मुदतही तीनच दिवसांची, पण तिथे मालक कामगाराचे कागद तपासतो आणि इथे मालकाने कामगाराला कागद द्यायचा, हा फरक भारतीय कायद्याच्या मूळ वृत्तीला शोभणारा आहे. प्रत्यक्षात नाक्यावरून सकाळी मुकादमाबरोबर निघालेल्या गवंड्याच्या किंवा बिगाऱ्याच्या हाती पासबुक क्वचितच पडले. १९९६ च्या बांधकाम कामगार अधिनियमाने १८ ते ६० वर्षे वयाच्या आणि मागील बारा महिन्यांत ९० दिवस काम केलेल्या कामगाराला नोंदणी व ओळखपत्र दिले. महाराष्ट्राने त्याचे नियम २००७ मध्ये केले. पण ते ९० दिवस भरल्याचे प्रमाणपत्र ज्या ठेकेदाराकडून आणायचे, तो कामगाराचे नाव हजेरीपटावर लिहिण्यासच राजी नसतो, कारण नाव लिहिले की भविष्य निर्वाह निधी आणि विमा मागे लागतात. म्हणून ग्रामसेवकाची किंवा नगरपालिका अधिकाऱ्याची सही चालेल, अशी सोय करावी लागली.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिला आधार क्रमांक देण्यात आला आणि काही वर्षांतच ठेकेदारांच्या फाइलींचे रूप पालटले. मुकादम आता माणसाबरोबर आधार कार्डाची झेरॉक्स मागू लागला. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात खासगी संस्थांनी आधारची सक्ती करण्याचा मार्ग रोखला, तरी भविष्य निर्वाह निधीच्या खात्याशी आधार जोडणे २०२१ पासून आवश्यक झाल्याने ती सक्ती दुसऱ्या दाराने परत आली. येथे एक गैरसमज खोल रुजला. आधार हा ओळखीचा पुरावा आहे; २०१६ च्या आधार अधिनियमातच म्हटले आहे की तो नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नव्हे. तरीही बांधकामाच्या जागेवर, सोसायटीच्या दारावर आणि भाडेकरूच्या नोंदणीत तोच सर्व प्रश्नांचे उत्तर मानला जातो. नवी मुंबई आणि पनवेल परिसरात पोलीस अधूनमधून परदेशी नागरिकांच्या शोधाच्या मोहिमा काढतात तेव्हा हा गैरसमज उघडा पडतो, आणि त्याचा जाच बहुधा बंगाली बोलणाऱ्या भारतीय मजुरालाही सोसावा लागतो, कारण आपण नागरिक आहोत हे सिद्ध करणारा एकच एक कागद या देशात गरिबाकडे सहसा नसतो.

सुरक्षारक्षकांची स्थिती वेगळी आहे, आणि करंजाड्यासारख्या नव्या वसाहतीत ती फार माणसांना लागू पडते. २००५ च्या खासगी सुरक्षा यंत्रणांच्या कायद्याने एजन्सीवर बंधन घातले की रक्षक नेमताना त्याचे वय, शारीरिक पात्रता आणि प्रशिक्षण यांबरोबर त्याचे चारित्र्य व पूर्ववृत्त तपासलेले असावे. पूर्ववृत्त म्हणजे पोलिसांच्या दप्तरात त्याच्या नावावर काय आहे, याची माहिती. या पडताळणीचे स्वरूप मजेशीर आहे. माणसाविषयी काही चांगले सापडावे अशी तिची अपेक्षाच नसते, काही सापडू नये एवढीच असते. प्रकल्पग्रस्तांच्या गावांत या तपासणीला एक कडू किनार आहे, कारण जमिनीच्या आणि नोकरीच्या मागणीसाठी मोर्चात गेलेल्या तरुणावर जमावबंदी मोडल्याचा गुन्हा नोंदलेला असू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग प्रकरणात २०१६ मध्ये असे म्हटले की साक्षांकन नमुन्यात, म्हणजे उमेदवाराने स्वतःविषयी भरून द्यायच्या प्रपत्रात, खरी माहिती दिलीच पाहिजे, पण तरुण वयात घोषणा दिल्यासारखा किरकोळ प्रकार लपवला गेला असेल, तर मालकाने तारतम्य वापरून तो माफ करावा. हे तारतम्य मालकाच्या मर्जीवर सोडलेले आहे.

या सर्व कागदांची गाठ पडली ती विमानतळावर. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी सुमारे ११६० हेक्टर जमीन लागली. चिंचपाडा, कोपर, कोल्ही, उलवे, वरचे ओवळे, वाघिवलीवाडा, वाघिवली, गणेशपुरी, तरघर आणि कोंबडभुजे ही दहा गावे तिच्या कक्षेत आली, आणि त्यांपैकी अनेक कुटुंबांची नवी घरे वडघर-करंजाडे परिसरातील पुनर्वसन क्षेत्रात आणि पुष्पकनगरात बांधली गेली. या वेळी साडेबारा नव्हे, तर साडेबावीस टक्के विकसित जमिनीचा मोबदला ठरला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले, २५ डिसेंबर २०२५ रोजी विमाने उडू लागली आणि स्थानिक संघटनांनी नोकऱ्यांत भूमिपुत्रांना प्राधान्य देण्याची मागणी पुन्हा लावून धरली.

विमानतळाच्या आत पाऊल टाकण्यासाठी लागतो तो विमानतळ प्रवेश परवाना. नागरी विमान सुरक्षा ब्युरो हा केंद्रीय विभाग तो देतो, त्यामागे २०२३ चे विमान सुरक्षा नियम आहेत आणि दारावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा जवान तो तपासतो. परवाना मागण्याचा अधिकार कामगाराला नाही. ज्या संस्थेत तो काम करतो, तिने त्याच्यासाठी अर्ज करायचा, त्याच्या पूर्ववृत्ताची तपासणी व्हायची, बोटांचे ठसे घेतले जायचे आणि त्याला कोणत्या भागात जाता येईल ते परवान्यावर नोंदले जायचे. कामगार आणि त्याची संस्था हे नाते संपले की परवाना परत करावा लागतो. सामान चढवणाऱ्या, साफसफाई करणाऱ्या आणि ट्रॉली ढकलणाऱ्या माणसांची भरती बहुतांशी कंत्राटी संस्थांमार्फत होत असल्याने कंत्राट बदलले की माणूस तोच असला, तरी नव्या संस्थेने त्याच्यासाठी नव्याने अर्ज करावा लागतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. विमानतळावर नोकरी लागलेल्या प्रकल्पग्रस्त तरुणाच्या फाइलीत आता आधार, पोलीस पडताळणी, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, नियुक्तिपत्र आणि प्रवेश परवाना असे पाच कागद येतात. सरकारी पदांतील पाच टक्के आरक्षण कंत्राटी संस्थेला लागू नाही, त्यामुळे तिला प्रकल्पग्रस्त दाखला मागण्याची गरज पडत नाही. अर्जदार तो स्वतःहून जोडतो. त्याच्या आजोबांच्या नावाचा जो सातबारा त्या दाखल्यामागे आहे, त्या सर्व्हे नंबरच्या चालू उताऱ्यावर भोगवटादार म्हणून सिडकोचे नाव आहे.